वाचकांचे प्रश्न: वणवा विझवायला जायचंय, काय लागतं?

प्रश्न: माझा मुलगा 19 वर्षांचा आहे, जन्म अमेरिकेतलाच, आम्ही आयडाहोत बॉइझीला राहतो. पुढच्या उन्हाळ्यात वणवे विझवणाऱ्या क्रूमध्ये जायचं म्हणतोय. रोज पळतो, तेवढं पुरे का? आणि जाऊ देऊ का त्याला? मला रात्र रात्र झोप नाही. – एक आई

उत्तर: ताई, आधी कागदपत्रांचं उरकते. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नोकरीला 18 वर्षं पूर्ण आणि अमेरिकन नागरिकत्व लागतं, ते आहेच त्याच्याकडे, डिग्री लागत नाही. पण उन्हाळा तोंडावर आल्यावर अर्ज करून चालत नाही, आदल्या थंडीच्या आधीपासूनच यूएसए-जॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेवू दे. मग बेसिक ट्रेनिंग आणि पॅक टेस्ट, म्हणजे पाठीवर 45 पौंड, आपले वीसेक किलो, घेऊन 3 मैल 45 मिनिटांत, तेही चालत, पळायला परवानगीच नाही. ही टेस्ट तो काढेल हो.

पुढचं काम वेगळं आहे. लोकांना वाटतं पाइप घेऊन पाणी मारायचं, पण हँडक्रूचं, म्हणजे हाती अवजारं घेऊन काम करणाऱ्या तुकडीचं, काम मुख्यतः खणायचं. झुडपं, पाला, मुळं काढत खाली नुसती माती लागेपर्यंत पट्टा साफ करायचा, आपल्याकडे वनखात्यातली माणसं जाळरेषा म्हणतात तेच. दिवसाला 16 तासांपर्यंत, असे सलग 14 दिवस. हातात पुलास्की, एकीकडे कुऱ्हाड एकीकडे कुदळ, आणि हे नाव तुमच्या आयडाहोतलंच बरं का, 1910 च्या महावणव्यात एड पुलास्की नावाच्या रेंजरनं वॉलेसजवळ आपली माणसं खाणीच्या बोगद्यात नेली, घाबरून बाहेर पळणाऱ्यांना पिस्तूल दाखवून अडवलं, म्हणून बहुतेक जण वाचले.

आता तुमच्या झोपेचं. 30 जून 2013 ला अ‍ॅरिझोनात यार्नेलच्या वणव्यात 19 जणांचा जीव गेला, नवखे नव्हते, हॉटशॉट क्रूचे, म्हणजे खास तयारीच्या तुकडीतले होते, वादळानं वारा फिरला आणि आग त्यांच्यावर आली. आईला हे लिहिताना हात थांबतो, पण लपवणं बरोबर नाही. म्हणूनच कामाला लागण्याआधी चार गोष्टी बघायच्याच असतात: टेहळणीला माणूस, रेडिओवर संपर्क, निसटायची वाट, सुरक्षित जागा. यातलं एक जरी नसेल तर काम नाकारायचा हक्क नवीन पोरालासुद्धा आहे, पण सगळ्यांसमोर बॉसला "मला बाहेर पडायची वाट दिसत नाहीये" म्हणायचं धाडस त्याच्यात आहे का? मला विचाराल तर या कामाला ताकदीआधी हे लागतं, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, त्याला वाढवलंय तुम्ही. तो चूक दिसली की बोलणारा असेल तर जाऊ द्या. मित्रांच्या मागं मुकाट जाणारा असेल तर एक वर्ष थांबवा, भांडण झालं तरी चालेल.

धुराचंही त्याच्याशी बोला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2022 मध्ये आग विझवायचं काम कॅन्सरकारक कामांत धरलंय, त्यामुळं मास्कबद्दल क्रूला पहिल्याच दिवशी विचारायचं, लाजायचं नाही.

आणि बूट आत्ताच घ्या, चामड्याचे, किमान 8 इंच उंच, ते मऊ व्हायला महिने जातात. ते घालून, सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून टेबल रॉकची चढण आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला कमी वजनानं. एखाद्या दिवशी तुम्हीही जा सोबत, चढता चढता तो बॉसला नाही म्हणायच्या धाडसाचा प्रश्न विचारून टाका.