खानापूरचं तिकीट

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद.

परवा कामाचं विचारायला तू आमच्या शेडवर आलास. नाव विचारल्यावर मोबाइलवर टाइप केलेलं नाव माझ्यापुढे धरलंस. बाकीच्यांना वाटलं, मशीनच्या आवाजात ऐकू जाणार नाही म्हणून दाखवतोय. मला कळलं. तुझ्या मानेची ती शीर मी ओळखतो. आरशात बघत आलोय.

रात्री तुझा लांब मेसेज आला. लिहिताना तू किती मोकळा असतोस! चौदा ठिकाणांची यादी केलीस. पुणे, मुंबई, बेंगळूरु, चार-पाच ऑनलाइन. प्रश्न असा की अडखळत बोलणाऱ्यांचा यातला चांगला ग्रुप कोणता, मराठीतून चालतो कोणता, आणि बेळगावात शक्यतो नको, कारण कुणीतरी ओळखीचं बघेल. आणि मध्येच, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: ‘आमच्या डिप्लोमाच्या वर्गात अजून एकजण असाच आहे, खरं मी त्याच्याजवळ जात नाही.’

ती ओळ मी तीनदा वाचली. तुला ग्रुप सापडत नाही म्हणतोस आणि तुझा ग्रुप तुझ्यामागे दोन बाकांवर बसलाय. तुला ग्रुप नको शोधायला. दुसरा माणूस शोध. एकच. बसने जाऊन भेटता येईल असा, समोर बसून तोंड बघता येईल असा. एवढंच सांगण्यासाठी हे पत्र आहे.

माझ्याही वर्गात एकजण होता. खानापूरच्या मराठी शाळेत, सातवीत. गुरुजींनी त्याला धडा वाचायला उभं केलं की ‘प’वर त्याची गाडी थांबायची. ओठ मिटलेले, डोळे घट्ट बंद, पाय जमिनीवर आपटायचा. वर्ग हसायचा. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. मी हसलो नाही तर लोकांना माझी आठवण येईल ही भीती. तीन वर्षं आम्ही एका वर्गात होतो आणि एकमेकांशी एक वाक्य बोललो नाही. पुढे वीसेक वर्षांनी तो खानापूरच्या स्टँडवर दिसला. त्यानं ओळखलं, हसला, तोंड उघडलं, शब्द येईना. मी तेवढं थांबू शकत होतो. मी ‘बस आली’ म्हणालो आणि चढलो. तो कामाला गोव्यात आहे एवढं नंतर कुणीतरी सांगितलं. परत भेट नाही. आयुष्यात बऱ्याच गोष्टी चुकल्या, त्यांची कारणं मी देऊ शकतो. याचं देता येत नाही.

आणि बसचं म्हणशील तर ऐक. बेळगावला कामाला लागल्यावर शनिवारी घरी जायचो. कंडक्टरपुढे ‘खानापूर’मधला ‘ख’ निघायचा नाही. घसा आवळायचा, मागची माणसं माना वर करून बघायची. ‘न’ मला सोपा. म्हणून मी ‘नंदगड’ म्हणायचो, पुढच्या गावाचे पैसे द्यायचो आणि खानापुरात उतरायचो. अकरा वर्षं. एका कंडक्टरनं विचारलंसुद्धा, नंदगड अजून लांब आहे, इथं का उतरतोस? मी उत्तर न देता उतरलो. तू मोबाइल पुढे करतोस तो माझ्या नंदगडचाच भाऊ. दर वेळी सुटल्यासारखं वाटतं आणि पुढच्या वेळी ‘ख’ आणखी जड होतो.

आता लाज. कोणी बघेल, या एका शब्दावर तू पुण्याचं तिकीट काढायला निघालास. जरा हिशेब कर. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकजण असा बोलतो. लहानपणी त्याहून कितीतरी जास्त मुलं अडखळतात, बहुतेकांचं आपोआप जातं, राहतं ते आपल्यासारख्यांचं. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सत्तेचाळीस लाखांवर होती. म्हणजे निपाणीपासून रामदुर्गापर्यंत सत्तेचाळीस हजार माणसं रोज कुठलातरी ‘ख’ चुकवतायत. कुणी दुकानात बोट दाखवून वस्तू मागतो, कुणी फोन वाजला की बायकोकडे देतो. मोठ्या वयात बायकांपेक्षा पुरुषांत हे चौपट आढळतं, खरं आपल्याकडच्या बायका कुणाला सांगत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासारखी दुसरी बाई कुणी शोधत नाही, हे वेगळंच दुःख. एवढी माणसं इथं असताना तुला दुसरा माणूस सापडत नाही, कारण तुझ्यासारखाच तोही लपलाय.

उपायांबद्दल तू विचारलंस, तेही पटकन सांगतो. माझ्या जिभेला वेखंड उगाळून लावलं, तोंडात खडे धरून बोलायला लावलं, नवस झाले. आईला लोक म्हणायचे, पोटात असताना घाबरली असशील. ती बिचारी जन्मभर ते मनात घेऊन बसली. २०१० साली शास्त्रज्ञांना काही कुटुंबांतल्या अडखळण्यामागे जनुकांतले बदल सापडले. ती बातमी मी वाचली तेव्हा आई नव्हती. तिला वाचून दाखवायची होती.

आणि एका शहरात ‘पंधरा दिवसांत शंभर टक्के’ असा कोर्स होता. बापानं म्हैस विकली. तिथं एका ठेक्यात, शब्द ताणून बोलायला शिकवत. शेवटच्या दिवशी दोनशे माणसांपुढे मी घडाघडा बोललो, बाप रडला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सगळं परत आलं. त्यांना पत्र घातलं तर उत्तर आलं की तुमचा सराव कमी पडला. म्हणजे अडखळणंही माझं आणि दोषही माझाच. पोरा, शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नकोस. वाचातज्ज्ञाकडे जरूर जा, ती वेगळी गोष्ट. आपल्याच राज्यात म्हैसूरला केंद्र सरकारची वाणी आणि श्रवण संस्था १९६५पासून आहे, तिथं शिकलेली माणसं मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांत असतात. चांगला तज्ज्ञ हमी देत नाही, काम देतो. पण तोसुद्धा तुझा दुसरा माणूस होऊ शकत नाही. त्याचा ‘ख’ अडकत नाही.

माझा दुसरा माणूस मला एकोणपन्नासाव्या वर्षी भेटला. फाउंड्रीत माल घेऊन आलेला ड्रायव्हर. गेटवर वॉचमननं गाव विचारलं आणि तो ‘ब’वर थांबला. वॉचमननं त्याचा शब्द पुरा करायला दोन-तीन गावं सुचवली, सगळी चुकीची. तो घामानं भिजला. मी पलीकडे चहा पीत होतो. काय झालं मला माहीत नाही, बहुतेक स्टँडवरचा तो चेहरा आठवला. मी उठलो, जवळ गेलो आणि माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, अडखळतच, सांगितलं की मलाही होतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘ननगू तोदलु ऐति री.’ मलाही तोतरेपणा आहे हो. बैलहोंगलचा होता. अर्धा तास आम्ही गाड्यावर चहा घेऊन उभे होतो, दोघंही अडकत, कुणी कुणाचा शब्द पुरा केला नाही. एकोणपन्नास वर्षांत माझं वाक्य माझ्या वेळेनं संपायची वाट कुणी पहिल्यांदा पाहिली. तोवर मला वाटायचं, मी अडकतो तेव्हा समोरचा वैतागतो. त्या दिवशी समोरचा अडकत होता आणि मला वैताग येत नव्हता. हे कुठल्या तज्ज्ञानं सांगून पटत नाही. त्याला दुसरा माणूसच लागतो.

म्हणून तुझ्या त्या ‘मराठीतून चालणारा’ या अटीचा मला राग आला. मराठीसाठी आपल्या लोकांनी १९५६पासून काय सोसलं ते मला शिकवू नकोस, आमच्या घरातून माणसं जेलात गेलीत. पण माझा ‘ख’ सोडवायला बसला तो बैलहोंगलचा कन्नड माणूस. तो घरची भाषा बोलताना ‘ब’वर अडकतो आणि मराठी बोलतानाही ‘ब’वरच. तू तुझ्या भाषेत बोल, त्याला त्याच्या भाषेत बोलू दे. शब्द अडकलेला असतो तेव्हा तो कुठल्या भाषेतला आहे हे कळतही नाही.

पुढे आम्ही रविवारी सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात झाडाखाली बसू लागलो. फी नाही, अध्यक्ष नाही, बोर्ड नाही. एकेकानं पाच मिनिटं बोलायचं, कशाबद्दलही. मध्ये कुणी बोलायचं नाही, शब्द सुचवायचा नाही, विचारल्याशिवाय सल्ला नाही. मग कुणीतरी सगळ्यांसमोर एक फोन लावायचा, गॅस एजन्सीला, बँकेला, कुठेही. मग दोघादोघांनी खडे बाजारात जायचं आणि दुकानात मुद्दाम अडखळत भाव विचारायचा. हे आमच्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत चार्ल्स व्हॅन रायपर नावाचे वाचातज्ज्ञ होते, स्वतः अडखळणारे. लपवायचं सोडून उघडपणे, सैल जिभेनं अडखळायला ते शिकवत. पहिल्यांदा मुद्दाम अडखळलो तेव्हा पाय लटपटले. दुकानदारानं भाव सांगितला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. इतकंच झालं. चाळीस वर्षं मी ज्याला भीत होतो ते इतकंच होतं.

तुला वाटेल हे अडखळणं गेलं का? नाही गेलं. आजही अडकतो. भजनात मात्र कधीच नाही अडकलो. हरिपाठाला सगळ्यांबरोबर म्हणताना एक अक्षर थांबत नाही. इतरांबरोबर एकत्र बोललं की बहुतेक अडखळणाऱ्यांचं असंच होतं, हे नंतर कळलं. मोठ्या आवाजात स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला कीही बरंच सुटतं. मी लेथ धरली ती त्यासाठीच. सुपरवायझर व्हा म्हणून दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणालो, कारण गिऱ्हाइकांशी ऑफिसात, शांत खोलीत बोलावं लागलं असतं. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजून काम केलं, माझ्या हातचा जॉब परत आला नाही, ते मी कमी लेखत नाही. आवडीनं केलं. तरी निवड माझी नव्हती, ‘ख’ची होती. तू कामाला ये जरूर, खरं लपायला म्हणून येऊ नकोस. मी ओळखेन.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही, कारण उद्या दुसरा कोणी सांगेल. आमच्यात निपाणीकडचा एक मुलगा यायचा. पंचवीस हजार भरून हमीचा कोर्स करणार म्हणाला. त्याची पाच मिनिटं चालू असताना मी मध्येच ओरडलो. तो परत आला नाही. बैलहोंगलचा मित्र म्हणाला, मध्ये बोलायचं नाही हा नियम तुझाच आणि तूच मोडलास. मोडला, कबूल. पण म्हैस माझ्या बापानं विकली होती, त्याच्या नव्हे. कोर्सबद्दल मी बोललो ते आजही बरोबर मानतो. पाच मिनिटं संपू द्यायला हवी होती. एवढंच चुकलं, आणि तेवढ्यानं एक माणूस गेला.

ऑनलाइनला माझा विरोध नाही. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, लोक टीसा म्हणतात, २००८पासून हेच काम करते. अडखळणाऱ्यांनीच चालवलेली, ठिकठिकाणचे गट त्यांच्यामुळे उभे राहिले. त्यांच्या सभेत बस, शीक. पण स्क्रीनवर तू कॅमेरा बंद करू शकतोस, नेट गेलं म्हणू शकतोस. तुझ्यासारख्या हुशार पोराला तेवढी फट पुरते. मला पुरली असती. झाडाखाली समोर बसलेल्या माणसापुढे नेट जात नाही.

आणि तो वर्गातला मुलगा नाही म्हणाला तर? तर तिसरा शोध. वाचातज्ज्ञाला बाकीच्यांचे नंबर मागू नकोस, ते देऊ नयेत आणि देणारही नाहीत. तुझा नंबर त्यांच्याकडे ठेव, ‘कोणी विचारलं तर द्या’ म्हणून. आमच्याकडे तिघं तसे आले. वाचनालयाच्या फळ्यावर दोन ओळींचा कागद लाव, मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. तोतरेपणा आणि तोदलु. वार आणि वेळ लिही. आणि त्या वेळी तिथं जाऊन बस, कोणी येवो न येवो. मी सात रविवार एकटा बसलोय. आठव्या रविवारी शहापूरहून एक कापड दुकानातली मुलगी आली आणि तिला तिचं नाव सांगायला दोन मिनिटं लागली. मी सात रविवार बसलो नसतो तर तिला तो माणूस मिळाला नसता. हे तुझ्या त्या चौदा नावांच्या यादीत कुठेच नाही.

उद्या कॉलेजात त्या मुलाजवळ जा. भाषण तयार करू नकोस. ‘मी पण अडकतो’ एवढे तीन शब्द. ‘म’ तुला जातो का माहीत नाही, अडकला तर फारच चांगलं, पुढचं सांगावं लागणार नाही. तो रागावेल कदाचित. मीही सातवीत रागावलो असतो. आठवड्यानं परत जा.

रविवारी सकाळी सात वाजता मी व्हॅक्सिन डेपोत असेन. जांबोटीकडून पहिली बस धरलीस तर जरा उशीर होईल, चालेल, थांबतो. बैलहोंगलचाही येतोय, आता त्यानं गाडी सोडलीय, नातवाला घेऊन येतो. कंडक्टरला मोबाइल दाखवू नकोस. ‘बेळगाव’ म्हण, लागेल तेवढा वेळ घेऊन. आणि त्या मुलाचं तिकीट तू काढू नकोस, त्याला काढू दे.

तुझा,
शेडवरचा काका