रांग मोडणारा माणूस आणि त्याची नंबरप्लेट

तुम्ही विचारलंय की लोक बाहेर उद्धट वागतात ते बघून डोकं फिरतं, मग दरवेळी आपणच का समजून घ्यायचं, चूक ती चूकच ना. चूकच. पण माझं काय झालं ते सांगतो.

मी गोव्यातल्या चोडण बेटावरचा, कामाला पणजीत, म्हणजे रोज फेरीबोट. पावसात मी गाडी काढतो आणि रायबंदरच्या धक्क्यावर रांगेत कुजत बसतो. एकदा एक काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असलेली गाडी, म्हणजे भाड्याची, सरळ बाजूने पुढे जाऊन घुसली. मी काच खाली करून ओरडलो आणि शेजारच्याला म्हटलं, हे टुरिस्ट सगळे असलेच, पैसे फेकले की गोवा विकत घेतला असं वाटतं यांना. शेजारच्याने पण दोन शिव्या जोडल्या, बरं वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत मीच घुसलो. कारण काही मोठं नव्हतं हो, घरी कोणी आजारी नाही काही नाही, नुसता कंटाळा आलेला आणि पुढे एक फट दिसली. कोणी शिवी दिली नाही. मागचा एवढंच म्हणाला, "घाई आसा दिसता." प्लेट पांढरी ना माझी!

त्या भाडेवाल्याने रांग मोडली तेव्हा मला राग आला यात काही चुकलं नाही, आजही येईल. लाज वाटते ती "सगळे असलेच" या शब्दांची. गाडी घुसवली एवढंच मी पाहिलं होतं, स्वभाव, संस्कार, पैशाचा माज हे सगळं मी घरून आणलेलं. मानसशास्त्रात याला नाव आहे, 'फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर', मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली दिलेलं, मराठीत सांगायचं तर दुसऱ्याच्या वागण्याचं खापर त्याच्या स्वभावावर फोडायचं आणि परिस्थिती बघायचीच नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र ट्रॅफिक, पाऊस, बॉस सगळं आठवतं.

अमेरिकेत प्रिन्स्टनला १९७३ सालचा एक प्रयोग आहे, डार्ली आणि बॅटसन यांचा. धर्मशिक्षण घेणारी ४० मुलं, रस्त्यात पडलेल्याला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट आहे ना, त्यातल्या काहींना त्याच गोष्टीवर बोलायला पाठवलं, आणि वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला. ज्यांना घाई नव्हती त्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना सांगितलं उशीर झालाय त्यातले फक्त १० टक्के. आपण तिथे उभे असतो तर म्हटलं असतं, बघा, होणारे पाद्री आणि दगडाचं काळीज!

आता याचा अर्थ सगळं पोटात घालायचं असा नाही हां. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं बालपण कसं गेलं ते मला ऐकायचं नाही. किनाऱ्यावर बाटली फोडून वाळूत टाकणाऱ्याचंही नाही, तिथे अनवाणी पोरं धावतात, दंड घ्या आणि विषय संपवा. दुसऱ्याला इजा होणार असेल तर आधी थांबवायचं, कारणं नंतर. पण कोणी फोनवर मोठ्याने बोलतो, कोणी बसमध्ये म्हातारीला जागा देत नाही, तिथे मोबाईल काढून व्हिडिओ करणारे मला त्या माणसापेक्षा जास्त खटकतात. विचारा ना सरळ. कदाचित पाय दुखत असेल, कदाचित नुसता आळशी असेल, दहा सेकंदांच्या व्हिडिओत दोघे सारखेच दिसतात.

मी हल्ली फक्त कृतीबद्दल बोलतो, "भाऊ, लाईन मागून आहे." बरेच जण मुकाट मागे जातात. गेल्या आठवड्यात एकाला असंच म्हटलं तर तो म्हणाला, "तुका कितें पडलां?" प्लेट पांढरी, माणूस आमच्याच वाड्यावरचा. बोट पलीकडे लागेपर्यंत मी त्याच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला, मनातल्या मनात.