लक्ष उडतंय की धास्ती वाटतेय?

नुसतं लक्ष लागत नाही म्हणून एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) ठरवू नकोस. पुस्तक उघडल्यावर मन कुठे जातं ते बघ. ‘उद्या साहेब काय म्हणतील’ याच खुंटीला ते बांधलेलं असेल, तर चिंतेचा संशय घे. पंख्याचा आवाज, मग राहिलेलं बिल, मग भलतंच काही, असं भटकत असेल आणि निवांत सुट्टीतही चष्म्यासाठी घरभर फिरावं लागत असेल, तर एडीएचडीचा. दोन्ही एकत्रही असतात. माझी चिंता तर विसरलेल्या कामांवरच पोसली होती! डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार एडीएचडीची काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून दिसायला हवीत. म्हणून शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोध, त्यातले शेरे वाच आणि ती घेऊनच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.