सांगड घालतात, बसवत नाहीत

ओहायोतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. घरच्या गराजमध्ये ते हॉट रॉड, म्हणजे जुनी मोटार कापून-जोडून केलेली वेगवान गाडी, बांधताहेत. चौकट स्वतः वेल्ड केलेली, तिच्यावर १९३१ सालच्या फोर्ड मॉडेल ए कूपेची जुनी बॉडी. कामाची हकीकत ते गावाकडे आईला मराठीत लिहून पाठवतात. 'या शनिवारी फ्रेम आणि बॉडीची सांगड बसवली' हे वाक्य बरोबर आहे का, की 'बॉडी चढवली' म्हणावं? शिवाय फ्रेमला सांगाडा म्हणता येईल का, आणि हॉट रॉड तो की ती?

'सांगड बसवली' चुकीचं आहे. दोष तुमच्या एकट्याचा नाही. हल्ली बातम्या लावल्या की 'विकास आणि पर्यावरणाची सांगड बसवली पाहिजे', मुलाखत लावली की 'घर आणि नोकरी यांची सांगड बसवताना'. मेळ बसतो, घडी बसते, जम बसतो, कधीकधी बोलणाऱ्याचा घसाही बसतो. सांगड बसत नाही. ती घालतात, आणि मुळात ती बांधतात, दोरीने.

चढवणे, ठेवणे, बसवणे यांचे सरळ अर्थ तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. 'चासी', म्हणजे तुमची फ्रेमच, तिच्यावरही फार थांबायचं कारण नाही. गॅरेजवाले चासी म्हणतात, पुस्तकी लोक चॅसिस म्हणतात. फ्रेंच 'शासी' म्हणजे चौकट, खिडकीचीसुद्धा. त्यामागे लॅटिन 'काप्सा', म्हणजे पेटी. गंमत एवढीच की मोटारीत पेटीसारखी दिसते ती बॉडी, आणि पेटीच्या कुळातलं नाव मिळालं खालच्या चौकटीला. इंग्रजी 'केस' आणि 'कॅप्सूल' त्याच पेटीतून निघाले. पुढे चला.

सांगड म्हणजे काय, हे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून पाहा. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून केलेला तराफा, हा तिथला एक अर्थ. पोहताना आधाराला घेतलेली भोपळ्यांची जोडी, हा दुसरा. म्हणजे 'घर आणि नोकरी यांची सांगड' म्हणणाऱ्याच्या काखेत नकळत दोन भोपळे आहेत आणि समोर नदी. कातारी लाकूड कातताना ते ज्यात धरतो, त्या साधनाशीही हा शब्द जोडलेला आहे. सगळीकडे कल्पना एकच: दोन सुटे जिन्नस असे जखडायचे की त्यांचं एक अंग झालं पाहिजे.

आता खरी मजा. सांगड आणि सांगाडा ही सख्खी भावंडं आहेत. दोघांची आई संस्कृत 'संघाट', आणि संघाट म्हणजे लाकडं एकमेकांत जुळवणं, सुतारकाम. राम, लक्ष्मण आणि सीता यमुना ओलांडतात तेव्हा दोघे भाऊ लाकडं बांधून तराफा करतात, वर वाळलेले बांबू आणि वाळा अंथरतात. वाल्मीकी त्याला 'काष्ठसंघाट' म्हणतात. बौद्ध भिक्खूंचं तुकडे जोडून शिवलेलं वरचं चीवर म्हणजे 'संघाटी', तेही याच घरातलं. त्यानंतर इसवीच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी आपल्या किनाऱ्यांची माहिती लिहून ठेवतो. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत त्याला एकेका ओंडक्याच्या होड्या जोडून केलेली मोठी जहाजं दिसतात. तो त्यांचं नाव लिहितो 'सांगारा'. ग्रीक लिपीत सांगड! पुढे पोर्तुगीज मलबारला आले, तिथल्या तराफ्याचं 'चङ्ङाडम्' हे नाव त्यांनी 'जांगाडा' करून उचललं आणि अटलांटिकपार नेलं. आजही ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर कोळी ज्या शिडाच्या तराफ्यावरून मासे धरतात, तो जांगाडा. गोव्याहून नाही गेला हो, मलबारहून गेला. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणीतरी 'मराठी शब्द ब्राझीलमध्ये' म्हणून पुढे पाठवायला लागेल.

१८८६च्या हॉब्सन-जॉब्सनमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या कोशात, हा तराफ्याचा शब्द आहे आणि तिथे कोशकार यूल आणि बर्नेल यांनी मला फार चिडवलं आहे. ग्रीकांच्या लेखनात टिकलेल्या मोजक्या द्राविड शब्दांपैकी हा एक, असं ते सांगतात, आणि 'कदाचित मूळ संस्कृत असेल' हे कंसात टाकतात. जे दाराशी यायला हवं ते परसात! मल्याळम, तमिळ आणि तुळू यांतून तो पुढे गेला, हे मान्य. पण मागचा धागा १९२०मध्ये फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झूल ब्लोक यांनी मराठीवरच्या पुस्तकात सांगडीपाशी आणून ठेवला, आणि टर्नरच्या भारतीय आर्यभाषांच्या व्युत्पत्तिकोशात संघाटाखाली सांगड आणि सांगाडा शेजारी शेजारी बसले आहेत. तिथे सांगाड्याचा अर्थ दिलाय इमारतीची चौकट. हाडं नाहीत.

'संग' या शब्दाला ड चिकटून सांगड झाली, असं मला एका निवृत्त मास्तरांनी ठासून सांगितलं होतं. ऐकायला गोड आहे. ड-प्रत्यय मराठीत भरपूर, त्यामुळे सांगडीपुरतं ते खपूनही जाईल. पण सांगाड्यातला गा दीर्घ कसा, हे मास्तरांनी सांगावं. संघाटातला घा दीर्घ आहेच, ट चा ड होणं मराठीत रोजचं, घ चा ग झाला की काम संपलं. मास्तर अजून उत्तर देताहेत.

आणि आता माझा लाडका मुद्दा, ज्यावर घरचे लोक उठून जातात. सांगाडा म्हणजे हाडांचा सापळा, हा अर्थ पहिला नाही असं माझं मत आहे. पुरावा तुमच्या जिभेवर आहे. आपण 'हाडांचा सांगाडा' म्हणतो. सांगाड्यात हाडं आधीच असती, तर 'हाडांचा' कशाला म्हटलं असतं? 'पाण्याची विहीर' कोणी म्हणतं का? सांगाडा आधी लाकडाचा, घराचा, मांडवाचा. वाळलेल्या माणसाला बघून कोणा सुताराला आपलं काम आठवलं असणार. तेव्हा तुमच्या फ्रेमला बेलाशक सांगाडा म्हणा. दोन बाय चार इंची चौकोनी नळ्या कापून, जुळवून, जोडून केलेली वस्तू म्हणजे अक्षरशः संघाट. फक्त आईला पत्रात एक विशेषण जोडा. 'गाडीचा सांगाडा गराजमध्ये पडला आहे' वाचून ती माउली अपघात झाला असं समजेल. 'नवा सांगाडा तयार केला' म्हटलं की निभावलं.

आता बॉडीकडे. हॉट रॉडच्या जगात तिच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत आणि त्यांना मराठी क्रियापद एक पुरत नाही. पहिली 'हायबॉय': मडगार्ड काढलेली गाडी आणि बॉडी चौकटीच्या दोन्ही तुळयांच्या वर. १९३२च्या फोर्डची चौकट यासाठी आवडीची, कारण तिच्या तुळईच्या बाहेरच्या अंगाला दाबून उठवलेली रेघ आहे आणि मडगार्ड काढल्यावरही ती उघडी बघवते. मॉडेल ए ची बॉडी त्या चौकटीवर घालणं ही लॉस एंजेलिसच्या आसपासच्या पोरांची जुनी खोड. वाळलेल्या तळ्यांवर शर्यती करणाऱ्या त्या मंडळींनी १९३७मध्ये आपली संघटनाही काढली होती. इथे 'चढवली' म्हणा, अगदी बरोबर आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे चॅनल करणं. बॉडीची तळजमीन कापून काढायची, बॉडी तुळयांच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवायची आणि नवी तळजमीन वरच्या पातळीला जोडायची. गाडी काही इंचांनी ठेंगणी दिसते, आणि बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात. इथे 'बॉडी उतरवली' लिहू नका! आपल्याकडे 'इंजिन उतरवलं' म्हणजे काढून खाली ठेवलं. 'बॉडी तीन इंच खाली घेतली' म्हणा.

पण तुमचा शनिवार या दोन्हींच्या आधीचा आहे. सांगाडा घोड्यांवर समपातळीत, चाकं लागल्यावर गाडी जेवढी उभी राहील तेवढ्या उंचीला आणि तेवढ्याच कलात. बॉडी लाकडी ठोकळ्यांवर नुसती टेकवलेली. मध्यरेषेची दोरी, पुढे आणि मागे ओळंबा (अवलंबाचा मुलगा, गुणी मुलगा), दोन्ही कर्ण मापून सारखे. मागचं चाक कमानीच्या मधोमध येतंय का? येत नसेल तर बॉडी मागेपुढे करायची की आस सरकवायचा? तिकडे बॉडीचा पुढचा पत्रा इंजिनाला भिडतो का, आणि रेडिएटरपर्यंत बॉनेटला पुरेशी लांबी उरते का? कारण मॉडेल ए च्या चाकांमधलं अंतर साडेएकशेतीन इंच आणि १९३२च्या गाडीचं एकशेसहा. घरच्या चौकटीत हा आकडा तुम्ही ठरवता, आणि तिथेच फसता. दारं लावून फटी बघायच्या, पाचरी मारायच्या, पुन्हा बघायच्या. जमीन कापायच्या आधी आतून नळ्यांचे आधार मारले नसतील तर नव्वदी ओलांडलेली ती पत्र्याची म्हातारी पसरते, आणि मग कुठलंच दार कुठल्याच चौकटीत जात नाही.

या सगळ्यात बॉडी सांगाड्यावर 'बसत' नाही. दोघंही एकमेकांसाठी कापली जातात, सरकवली जातात. कधी तुळई गंजड पत्र्याचं ऐकते, कधी पत्रा तुळईचं. ही सांगड आहे, भोपळ्याच्या अर्थाने. तेव्हा 'या शनिवारी सांगाडा आणि बॉडी यांची सांगड घातली' लिहा. भोकं पाडून, मधे रबराच्या चकत्या घालून बोल्ट आवळले की त्या दिवशी 'बॉडी बसवली' लिहा. मधल्या काळात 'टेकवून पाहिली'.

दापोडीच्या एस.टी.च्या कार्यशाळेत नव्या चासीवर बस उभी करतात, त्याला तिथे 'बांधणी' म्हणतात, हेही लक्षात असू द्या. 'बॉडी बांधणे' हा शब्द ट्रकवाल्यांनी आणि एस.टी.ने आपल्याला तयार दिला आहे. मात्र ती बॉडी पत्रा आणि नळ्यांपासून चासीवरच उभी राहते. तुमची फोर्डच्या कारखान्यातून बांधून आलेली आहे, म्हणून तुम्ही बांधत नाही.

भाषाशुद्धीच्या एका गृहस्थांनी हॉट रॉडला 'तप्तदंड' सुचवला आहे. तो शब्द ऐकून मला शाळेतले गुरुजी आठवले, गाडी नाही आठवली. हॉट रॉडच ठेवा. तो की ती? लोखंडी रॉड तो, पण तुमच्या गराजमध्ये आहे ती गाडी. शिवाय 'हॉट रोडस्टर' आखडून हॉट रॉड झालं असं म्हणणारे बरेच आहेत, आणि रोडस्टर आपल्याकडे तीच. 'माझी हॉट रॉड' लिहा. आईला 'रॉड आणला' एवढंच कळवलं तर ती पडद्याचं माप विचारेल.