'बरंय' एवढंच म्हणतो

प्रश्न : मुलगा जर्मनीत एमएस करतोय. नोव्हेंबरपासून फोनवर 'बरंय' एवढंच म्हणतो. धाकटी इथंच विद्यापीठात एमएस्सीला आहे. मला झोप लागत नाही.
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, फोन कधी करता? हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास मागे. आपले सकाळचे 8 म्हणजे तिथं पहाटेचे साडेतीन. डिसेंबरात तिथं चार-साडेचारलाच अंधारतं. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या पोराला ते फार जड जातं.

माझाही मुलगा तिथं शिकत होता. मी रोज परीक्षा नि कर्जाचा हप्ता विचारायचे. तो गप्प होत गेला. एकदा शेंगाचटणी कुटताना व्हिडिओ कॉल लावला, काहीच विचारलं नाही. तासभर बोलला!

तिथल्या विद्यापीठांत समुपदेशन बहुधा मोफत असतं, त्याला सुचवा. जगणं नकोसं झाल्याचं बोलला, तर थांबू नका. त्याला तिथून लगेच 112 हा आपत्कालीन क्रमांक लावायला सांगा. तुमच्यासाठी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे : 14416, चोवीस तास, मराठीतही.

आणि धाकटी? तिच्यासाठी पत्रात एकच वाक्य आहे. डोळ्यांसमोरच्या लेकराचा ताण पटकन दिसत नाही. आज संध्याकाळी तिला सिद्धेश्वर तलावावर घेऊन जा. भावाचा विषय काढू नका.