‘जाऊ नको’मधला ‘नको’ कुठं गेला? गाड्यांच्या ताफ्यासाठी वॉकीटॉकी

हुरड्याचा हंगाम जवळ आला की नदीकाठी आणि माळावर जिपा काढणाऱ्यांची पत्रं सुरू होतात. यंदा बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: गाड्यांनी आपापसात बोलायचं कशावर? त्यातली पाच पत्रं घेतली आहेत.

आमच्या आठ गाड्या आहेत. मोबाइलवर ग्रुप कॉल लावतो, पण उजनीच्या काठाला आत गेलं की रेंज जाते आणि सगळे मुके होतात. परवाना न काढता कोणता सेट घेता येईल? (वाचक, जुळे सोलापूर)

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झवर चालणारा. हा पट्टा २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केला आहे. त्यातले सेट साधारण अर्ध्या वॉटचे असतात, आणि पुढंमागं चालणाऱ्या आठ गाड्यांना तेवढं पुरतं. पट्ट्यात १६ चॅनेल बसतात. जुन्या सेटमध्ये ८ च मिळतील, तरी बिघडत नाही.

घेताना ‘लायसन्स फ्री’ या शब्दांवर जाऊ नका. फ्रीक्वेन्सी आणि ईटीए, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची मंजुरी, या दोन गोष्टी विचारा. ऑनलाइन विकणाऱ्यांनी हे सांगितलंच पाहिजे, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून बजावलं आहे. विक्रेता गुळमुळीत बोलला तर पुढचं दुकान बघा.

२७ मेगाहर्ट्‌झचा सिटिझन बँडही ५ वॉटपर्यंत मोकळा आहे. पण त्याची लहर ११ मीटरची, तिला अँटेना लांबलचक लागतो, आणि आपल्याकडची सूट सेटमध्येच बसवलेल्या अँटेनाला आहे. त्यात इंजिनाची खरखर. मी त्या वाटेला जाणार नाही.

आणि आठ गाड्यांना आठ नव्हे, नऊ सेट घ्या. नववा गाडीतून उतरून पुढं पायी रस्ता तपासणाऱ्याच्या हातात.

दुकानदारानं दहा किलोमीटर सांगितलं होतं. ओढ्यात उतरलो तर तीनशे मीटरवर आवाज तुटला. जास्त वॉटचा घ्यावा का? (वाचक, मोहोळ)

गंमत म्हणजे दुकानदाराचा आकडा खोटा नाही. दोघं अगदी सपाट, उघड्या जमिनीवर सेट दीड मीटर उंचीवर धरून उभे राहिले, तर पृथ्वीच्या गोलाईमुळं एकमेकांच्या आड जायला साधारण दहा किलोमीटर लागतात. फक्त मध्ये ऊस नको, बाभळी नकोत, घरं नकोत आणि ओढा तर नकोच. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी काढल्यावर यातलं बरंच जमतं. ओढ्यात उतरलात की तुमच्या आणि मित्राच्या मध्ये दोन पुरुष उंचीची दरड आली. ४४६ ची लहर जवळपास नजरेसारखी सरळ जाते. दरडीला वळसा घालायचं तिला फारसं जमत नाही.

म्हणून वॉटमागं धावू नका. मोकळ्यावर अंतर दुप्पट करायला वॉट निदान चौपट लागतात, आणि दरडीआड तेवढ्यानंही भागत नाही. फुकटचे उपाय आधी करून बघा. सेट मांडीवर ठेवून बोलू नका. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा आहे, लहर बाहेर पडते ती काचांतून. आवाज तुटला तर थांबा, सेट खिडकीबाहेर काढा, अँटेना उभा धरा. त्यानंही भागलं नाही तर खाली उतरून बॉनेटशेजारी उभं राहून बोला.

दुसरा उपाय माणसाचा. ओढ्यात उतरण्याआधी एक गाडी काठावरच ठेवायची. खालचं तिला ऐकू येतं, पलीकडचंही ऐकू येतं. ती निरोप फिरवते. तुळजापूरच्या घाटात वळणावळणावर हेच करावं लागतं. काठावर थांबणाऱ्याला गाडी चिखलात घालायला मिळत नाही म्हणून तो कुरकुरतो. त्याला परतीच्या ओढ्यात पहिला नंबर द्या.

माझे मेहुणे अमेरिकेतून येणार आहेत. तिथले सेट स्वस्त आणि दणकट असतात म्हणे. आणायला सांगू का? (वाचक, विजापूर रोड)

नका सांगू. तिथले सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्‌झवर बोलतात. ती सूट तिकडची. इथं तो पट्टा मोकळा नाही. असा सेट बिनपरवाना वापरणंच काय, बाळगणंही गुन्ह्यात बसतं. मेहुण्यांना बॅटरीवर चालणारा चांगला हवेचा पंप आणायला सांगा.

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढला तर क्लबचं काम होईल का? मुलगा तेरा वर्षांचा आहे, तोही मागं लागलाय. (वाचक, बार्शी)

मुलाला नक्की बसवा. वयाची अट १२ पूर्ण एवढीच आहे. रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या, ग्रेडच्या परीक्षेला मोर्स, ती टिकटिकीची सांकेतिक लिपी, लागत नाही. थोडी इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम असतात. पास झालात की व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं तुमचं नाव, मिळतं आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ उघडतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपात फोन बंद असताना निरोप पोचवायला हॅम मंडळी धावली होती, तो हाच छंद.

क्लबचं काम मात्र होणार नाही. परवाना माणसाचा असतो, गाडीचा नाही. आठही चालकांनी काढला तरच आठ जण त्यावर बोलू शकतात. परवाना माझ्याकडंही आहे, पण ताफ्यात निघताना तो सेट घरी राहतो आणि मी सगळ्यांसारखा अर्धा वॉटच घेतो.

सेट घेतले, पण गोंधळ वाढलाय. एका सेटला आमचं ऐकूच येत नाही, आणि बाकीचे सगळे एकदम बोलतात. (वाचक, अक्कलकोट)

बहिऱ्या सेटचा चॅनेल बरोबर असेल, सबकोड, म्हणजे दुसऱ्यांचे आवाज गाळणारा आकडा, वेगळा पडला असेल. तो सगळ्यांचा सारखा ठेवा किंवा सगळ्यांचा बंद. पुष्कळ सेटवर त्याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात, त्यावर विसंबू नका. त्यानं तुम्हाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही एवढंच; तुमचं मात्र शेजारच्या मंगल कार्यालयातला वाढपीसुद्धा ऐकू शकतो.

गोंधळाबद्दल आमचीच फजिती सांगतो. परतीचा पाऊस नुकताच उघडला होता. पुढं पायी गेलेल्यानं बघितलं की डावीकडची वाट वरून सुकलेली, पण खाली लोणी. तो सेटवर म्हणाला, ‘डावीकडं जाऊ नको.’ म्हणाला खरं, पण घाईत ‘नको’च्या आधीच बोलताना दाबून धरायच्या बटणावरचा अंगठा उचलला. मागच्या जिप्सीत ऐकू आलं, ‘डावीकडं जाऊ’. जिप्सी डावीकडं गेली आणि काळ्या मातीत धुऱ्यापर्यंत बसली. चाकांना माती अशी चिकटली होती की टायरची नक्षी दिसेना. विंच, म्हणजे दोर ओढणारं यंत्र, लावून काढायला दोन तास गेले, आणि ते दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

आपल्या भाषेत नकार शेवटी येतो आणि अंगठाही शेवटीच सुटतो. त्या दिवसापासून ताफ्यात ‘नको’ बंद आहे. आधी गाडीचा नंबर, मग ‘थांब’, मग कारण: ‘चार नंबर, थांब. डावीकडं चिखल.’ ऐकणारा तेच परत म्हणतो. शेवटची गाडी ओढा ओलांडून आली की ‘शेपूट पार’ म्हणते. तोवर पहिली हलत नाही.

बटण दाबलं की अर्धा सेकंद थांबून बोलायचं, कारण पहिला शब्द सेट गिळतो. हे पुष्कळदा सांगून कोणी ऐकेना. शेवटी लक्षात आलं की आपल्याकडं वाक्याची सुरुवात तशीही ‘का बे’नं होते. सेटनं तेवढं गिळावं. मागचा निरोप पूर्ण पोचतो.