१८५ अंशांची बिअर

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो आणि तळघरात हौसेने बिअर करतो. आंबवायला जुना चेस्ट फ्रीझर वापरतो. त्याचं तापमान सांभाळण्यासाठी आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), दोन रिलेंचा (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांचा) बोर्ड, छोटा एलसीडी पडदा आणि स्टीलच्या टोपणातला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर असा कंट्रोलर स्वतः जोडलाय. वीज जुन्या राउटरच्या १२ व्होल्ट, १ अँपिअरच्या अडॅप्टरवर. मधूनच काँप्रेसर सुरू होताना पडदा कोरा होतो, मग १८५ अंश फॅरनहाइट दिसतं, फ्रीझर टक् टक् करतो आणि बंद पडतो. सेन्सर बदलला, फरक नाही. जास्त अँपिअरचा अडॅप्टर घेऊ का? पुढे २४० व्होल्टचं, ५५०० वॉटचं हीटिंग एलिमेंट बसवायचंय. कंट्रोलरला वीज त्याच लाइनवरून घेतली तर चालेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नवा सेन्सर परत पाकिटात ठेवा, जुना ठणठणीत आहे. लोक पहिला संशय नेहमी सेन्सरवर घेतात, कारण सगळ्या डब्यात आकडा बोलणारा तो एकटाच. १८५ फॅरनहाइट म्हणजे बरोब्बर ८५ सेल्सिअस. या सेन्सरला वीज मिळाली की पहिलं मोजमाप होईपर्यंत त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. पूर्ण बारकाईने मोजायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. त्याआधी विचारलंत तर तो ८५ सांगून मोकळा होतो. थोडक्यात, पडद्यावर १८५ आलं की समजायचं, क्षणापूर्वी कंट्रोलरची वीज गेली होती.

आता पुढची गंमत बघा. कंट्रोलर जागा झाला, त्याला वाटलं बिअर उकळायला आलीय, म्हणून त्याने तत्काळ काँप्रेसरला हुकूम सोडला. काँप्रेसर नुकताच थांबलेला, आतल्या गॅसचा दाब अजून उतरलेला नाही. अशा दाबावर मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते, भरमसाट करंट ओढते आणि शेवटी तिचं ओव्हरलोड संरक्षण तिची वीज तोडतं. तुमची ती टक् टक्. हे महिनाभर चाललं तर काँप्रेसर जाईल, आणि तो कंट्रोलरपेक्षा कितीतरी महाग आहे.

कंट्रोलरची वीज का जाते? संशयित दोन. निवाडा करायला फ्रीझरची पिन काढून त्याच जागी साधा टेबललॅम्प लावा आणि सेन्सर मुठीत धरून गरम करा, म्हणजे रिले ओढला जाईल, चालू होईल. लॅम्पवरही पडदा कोरा झाला तर दोष वीजपुरवठ्याचा. लॅम्प सुखाने लागला आणि फ्रीझरवरच घोटाळा झाला, तर मोटर सुरू होतानाचा झटका आणि रिलेच्या संपर्कात उडणारी ठिणगी जबाबदार.

आधी पुरवठा. उनोवर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा रेग्युलेटर नखाएवढा आहे आणि मधले ७ व्होल्ट तो उष्णता करून फेकतो. बोर्ड, पडद्याचा दिवा आणि एक ओढलेला रिले मिळून साधारण दीडशे मिलिअँपिअर होतात, म्हणजे एक वॉटच्या वर. दोन्ही रिले ओढले तर दीड वॉटच्या आसपास. बंद डब्यात तो इतका तापतो की बोट ठेववत नाही, आणि फारच तापला की स्वतःला बंद करून घेतो. इथे जास्त अँपिअरचा अडॅप्टर काडीचा उपयोगाचा नाही. अडॅप्टरवरचे अँपिअर ही त्याची ऐपत. कंट्रोलर ओढायचा तेवढाच करंट ओढणार आणि रेग्युलेटर तेवढाच तापणार. बदलायचे ते व्होल्ट. यूएल (अमेरिकेतला सुरक्षिततेचा) शिक्का असलेला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर घ्या आणि उनोला यूएसबीतून वीज द्या. केबल आखूड आणि जाड हवी. रिले ओढलेला असताना मल्टिमीटर लावून बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर काय मिळतंय ते पाहा. ४.७च्या खाली गेलं तर केबल बदला.

भोसरीच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बांधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथला आमचा पहिला नियम : डोक्याची वीज वेगळी, हातापायांची वेगळी. तुमच्या रिले बोर्डावर जेडी-व्हीसीसी नावाचा जंपर (दोन पिना जोडणारं छोटं टोपण) असेल तर तो काढा, त्या पिनला दुसऱ्या ५ व्होल्टच्या चार्जरची वीज द्या आणि दोन्हींचे ग्राउंड (उणे टोकं) जोडू नका. तरच बोर्डावरच्या ऑप्टोकपलरला, म्हणजे वायर न जोडता प्रकाशातून इशारा पोचवणाऱ्या भागाला, काही अर्थ राहतो. जंपर तसाच ठेवून ‘आयसोलेटेड बोर्ड आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

ठिणगीसाठी रिलेच्या संपर्कांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर, म्हणजे ठिणगी शमवणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी, लावा. कॅपॅसिटरवर एक्स२ (मेन लाइनवर लावायचा सुरक्षित प्रकार) लिहिलेलं बघूनच घ्या, साधा चालत नाही. सेन्सरची वायर फ्रीझरच्या केबलला बांधून नेली असेल तर ती केबलपासून दूर न्या. आणि बोर्डावरचा तो निळा रिले १० अँपिअरचा असला तरी मोटरसाठी मला पसंत नाही. त्याचे संपर्क चिकटले की फ्रीझर थांबतच नाही आणि बिअरचा बर्फ होतो. मोटरचं हॉर्सपॉवर रेटिंग छापलेला रिले घ्या. निळ्याने फक्त त्याची कॉइल चालवावी.

प्रोग्रॅममध्येही दोन ओळी घाला : ८५ आलं तर आकडा टाकून द्या, आणि वीज आल्यावर पहिली पाच मिनिटं काँप्रेसरला हात लावू नका.

एलिमेंटचं म्हणाल तर ५५०० भागिले २४० म्हणजे साधारण २३ अँपिअर. जीएफसीआय ब्रेकरसह (करंटची गळती होताच वीज तोडणारा) ३० अँपिअरची वेगळी लाइन लागेल आणि ती लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच टाकायची. बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे अशा चार्जरला त्या लाइनवरून वीज देता येते, मध्ये लहान फ्यूज टाकून. पण अमेरिकेत अनेक ठिकाणी २४० व्होल्टच्या केबलमध्ये दोन फेज आणि अर्थ (अर्थिंगची वायर) एवढंच असतं, न्यूट्रल नसतो. तिथे एक फेज आणि अर्थ यांतून १२० व्होल्ट ‘काढायचे’ नाहीत. तसं केलं की अर्थमधून कायम करंट वाहतो आणि कधी अर्थ तुटला तर बिअरच्या स्टीलच्या भांड्यात थेट फेज येतो. भांडं ओलं, तळघराची फरशी ओली. या एका गोष्टीत हौस चालत नाही.

प्रश्न : हाच कंट्रोलर नागपुरात बिअरसाठी वापरला तर?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं केलं तरी. अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय परवानगी १९७८च्या कायद्याने मिळाली, तो मुद्दा इथे लागू नाही. पण हिवाळ्यात इडलीचं पीठ फुगत नसेल तर डबा जरूर बांधा. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, तापमान ३० अंश सेल्सिअस. बल्बला निळा रिले बिनधास्त पुरतो, स्नबरचीही गरज नाही.